पाहुणीसाठी प्रार्थना

३ सप्टेंबर, रविवार

"तू प्रार्थना करतेस तेव्हा खोलीत आणखी कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं." लग्नाआधी ह्यांनी मला हे म्हटलं होतं, माझ्या आजारी आत्याच्या खाटेशी उभं राहून. हे तेव्हा नवे नवे पाळक होते, कोटाच्या बाह्या हातांना आखूड पडत होत्या. इतर मुलींना त्यांच्या होणाऱ्या नवऱ्यांनी डोळ्यांबद्दल, केसांबद्दल काही म्हटलं असेल. मला हे म्हटलं गेलं, आणि त्या एका वाक्यावर मी आजवर संसार रेटला. उपासनेतली मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे आजारी, दुःखी, अडलेल्या सगळ्यांसाठी मंडळीच्या वतीने मोठ्याने करायची प्रार्थना, तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

आज ते वाक्य का आठवलं कोण जाणे. उपासना संपल्यावर आम्ही दोघं प्रभुभोजनाचे छोटे पेले विसळत होतो. पुसता पुसता हे म्हणाले की वेदीमागची खोली रिकामी करायला हवी. तिथे गीतांची जुनी पुस्तकं आणि मोडक्या खुर्च्या पडल्या आहेत. कशाला, म्हटलं, तर एक बाई राहायला येणार आहे. काही दिवस.

मी तिला पाहिलं आहे. मागच्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याचा दफनविधी ह्यांनीच केला. दोघं सरहद्दीपलीकडून मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला आली होती. तो गेला, आणि उन्हाळ्यात कारखानाही बंद पडला. तिचा परवाना कारखान्याच्या नावावर होता, त्यामुळे तोही संपला. तेव्हाच तिने परत जायला हवं होतं. ती गेली नाही. नवरा इथे आहे, त्याला सोडून कशी जाऊ, म्हणते. नवरा म्हणजे कबर. सापडली तर तिला गाडीत घालून सरहद्दीपार नेऊन सोडतील आणि पुन्हा येऊ देणार नाहीत.

"म्हणजे ती बेकायदा राहतेय," मी म्हटलं.

"तिचा कागद संपलाय."

"तेच की."

"तेच नाही," हे म्हणाले आणि पुढचा पेला उचलला.

६ सप्टेंबर, बुधवार

आली. एक पिशवी, एक उशी. उशी कशाला बरोबर घेतली असेल? माझ्याच वयाची असावी, किंवा थोडी मोठी. अंगाने भरलेली, हात कामाने लाल झालेले. उजवा गाल किंचित सुजलाय. दिसायला अगदी साधी आहे, हे लिहून ठेवते. का लिहून ठेवते ते माहीत नाही.

आपली भाषा तिला जेमतेम येते. मला "ताई" म्हणते, ह्यांना "भाऊ". हे तिला "पाहुणी" म्हणतात, म्हणून आता सगळेच म्हणतात.

खोलीत गारठा आहे म्हणून हे आमच्या झोपायच्या खोलीतला हीटर उचलून घेऊन गेले. मला विचारलं, "चालेल ना?" मी चालेल म्हटलं. चालेल न म्हणायला कारण काय होतं?

१२ सप्टेंबर, मंगळवार

पाहुणीचा दात दुखतो. मी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी बसते, वेळा देते. ह्यांनी म्हटलं, डॉक्टरांना जरा विचार, भले माणूस आहेत, फुकट बघतील. मी विचारते म्हटलं.

आज डॉक्टरांकडे फार गर्दी होती.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

आजही डॉक्टरांना विचारायला सवड झाली नाही. दुपारी दोन रुग्ण आलेच नाहीत, तेव्हा डॉक्टर खिडकीशी उभे राहून संत्रं खात होते. पण माणसाला जरा विसावा हवा.

घरी आले तर स्वयंपाकघरातून ह्यांच्या हसण्याचा आवाज. मी दारातच थबकले. हे हसतात तेव्हा कसं वाटतं ते मी विसरले होते. पाहुणी हातवारे करून कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल करत होती, पोट पुढे काढून, आणि हे डोळे पुसत होते. मला बघून दोघंही आदबीने गप्प झाली. पाहुणीने उठून मला खुर्ची दिली. माझ्या स्वयंपाकघरात, माझी खुर्ची.

"ताई, बस. चहा मी," ती म्हणाली.

मी चहा घेतला. चांगला झाला होता.

१७ सप्टेंबर, रविवार

ऑर्गन वाजवणाऱ्या मावशींची सत्तरी उलटली तरी त्यांची जीभ विशीतच आहे. उपासनेनंतर पायऱ्या उतरताना मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "इतकी वर्षं वेदीमागे देव होता म्हणे. आता पाहुणी आहे. बघ बाई, साहेबांच्या वेदीपाशी फेऱ्या वाढल्यात." मी हसले. मावशी सगळ्यांनाच असं बोलतात, त्यांच्या मनात काही नसतं.

तसलं काही नाही, हे मलाही माहीत आहे. तसलं असतं तर बरं झालं असतं, त्याला निदान नाव तरी आहे. कुणाला सांगता तरी आलं असतं. 'माझा नवरा एका बाईच्या दुःखाची विचारपूस करतो' ही तक्रार मी कुणाकडे घेऊन जाऊ?

आज जेवताना मी ह्यांना मीठ दिलं तर हे चटकन काहीतरी म्हणाले, एक अनोळखी शब्द. मी बघत राहिले. मग हे ओशाळून हसले. तिच्या भाषेतला 'आभारी आहे' होता तो. मीठ मी इतकी वर्षं देत आले आहे. आपल्या भाषेत कधी आभार मानले नव्हते.

२३ सप्टेंबर, शनिवार

चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळाची बैठक आमच्या बाहेरच्या खोलीत झाली. स्त्रियांतर्फे मी असते, त्यामुळे चहाही माझ्याकडे आणि मतही. विषय एकच, पाहुणी.

खजिनदार पहिल्यापासून विरोधात होते. त्यांना मंडळीत कुणी मायाळू म्हणणार नाही, पण खोटारडं म्हणणारा अजून जन्मायचा आहे. त्यांचं म्हणणं असं की सरकारच्या अधीन राहायला बायबलात पौलाने सांगितलं आहे ते सोयीपुरतं नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीने परदेशी नवऱ्यासाठी रीतसर अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहिली, पोरगी बापाला फोटोत बघत मोठी झाली. रांगेत उभे राहिले ते वेडे आणि रांग मोडली ती आपली बहीण, असं कसं? शिवाय पाहुणीवर कुणी तलवार घेऊन धावलेलं नाही. तिथे तिला मारणार नाहीत, कोंडणार नाहीत.

"तिथे फक्त गरिबी आहे," ते म्हणाले.

"फक्त?" ह्यांनी विचारलं.

ह्यांचं म्हणणं, परक्याला दारात उभं ठेवलं तर मला ठेवलंत, असं येशूने सांगितलं तेव्हा परक्याचे कागद तपासून घ्या असं पुढे जोडलं नव्हतं. आणि ती श्रीमंत व्हायला थांबलेली नाही. तिचं माणूस इथल्या मातीत आहे.

"साहेब, कबरीसाठी व्हिसा मिळत नाही," खजिनदार म्हणाले. कुणी हसलं नाही. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मी तिला उपाशी ठेवा म्हणत नाही. जेवण द्या, कपडे द्या, वकील द्या. वकिलाकडे मी स्वतः नेतो. पण लपवू नका. विजेच्या मीटरवाल्याला तुम्ही ती तुमची मावसबहीण आहे म्हणून सांगितलंत. पाळकाने खोटं बोलायचं आणि रविवारी आम्ही त्याच्याच तोंडून सत्य ऐकायचं?"

मला ते पटलं. किती पटलं याचं माझं मलाच नवल वाटलं. बोलताना माझा आवाज थोडा चढला असावा. चांगुलपणालाही नियम हवेत, खोट्याच्या पायावर दया उभी राहत नाही, असं काहीतरी मी बोलले. हे माझ्याकडे बघत होते, रागाने नाही. जसं काही मी दुसऱ्या खोलीतून बोलत होते आणि ह्यांना नीट ऐकू येत नव्हतं.

शेवटी वर्षअखेरपर्यंत तिला राहू द्यायचं ठरलं, तोवर वकिलाकडून काही होतं का बघायचं. आणि या भिंतींबाहेर एक शब्द जाऊ द्यायचा नाही. खजिनदारांनी विरोध नोंदवला, पण बाहेर बोलणार नाही असा शब्द दिला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही.

२८ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्यातून लवकर सुटले म्हणून दफनभूमीच्या बाजूने आले. फाटकातून पाहुणी दिसली. कबरीच्या कडेला बसून बोलत होती, नवरा कामावरून आल्यावर बायको दिवसभराचं सांगते तशी. मधेच खळखळून हसली. मग काहीतरी रागावून बोलली, बहुतेक त्याच्यावरच. हे लांब झाडाखाली उभे होते, तिला एकटीला बाहेर पाठवत नाहीत म्हणून. टोपी हातात घेऊन उभे होते.

ती एका मेलेल्या माणसाशी जितकं बोलली, तितकं आम्ही दोघं महिन्याभरात बोललो नसू.

मी गेले तर हे असे येऊन बसतील का? येतील. दफनविधीही करतील, चांगला करतील. पण हसतील का? रागावतील का माझ्यावर?

डॉक्टरांना आज विचारलं. लगेच म्हणाले, उद्या आण की, त्यात काय. उद्या नेते.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

दाढ काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे आधी आणली असती तर वाचली असती. पाहुणीने कापूस दाबून धरलेल्या तोंडाने माझा हात घट्ट धरला आणि डोळ्यांनी आभार मानले. मी हात सोडवून घेतला. समोर फोन वाजत होता.

१ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनेला नेहमीची चारपाच जणं होती. ह्यांनी पाहुणीला म्हटलं, तुमच्या भाषेत करा. तिने डोळे मिटले आणि सुरू केलं. एक शब्द कळला नाही. मधेच थांबायची, ऐकल्यासारखी करायची, मग पुढे. तिला कशाचंच अवघडलेपण नव्हतं. मी प्रार्थना करते तेव्हा वाक्य कुठे संपवायचं ते मला आधीच माहीत असतं.

सगळे गेल्यावर मी कप गोळा करत होते. हे खिडकी लावता लावता म्हणाले, "ती प्रार्थना करत होती तेव्हा खोलीत आणखी कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं, नाही?"

ह्यांना आठवलंच नाही. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आठवेल, एवढ्यात आठवेल म्हणून. खिडकीची कडी लागत नव्हती, हे तिच्याशी झटत होते.

"थंडी येत होती," मी म्हटलं. "खिडकी उघडी होती म्हणून."

४ ऑक्टोबर, बुधवार

रविवारी एका बाळाचा बाप्तिस्मा आहे. बाळाची आई आज दवाखान्यात आली होती, दात साफ करायला. जाताना माझ्या टेबलावर वाकून हळूच म्हणाली, "पाळकीणबाई, एक सांगायचं होतं. रविवारी माझे दीर येणार आहेत. ते परदेशी लोकांच्या कार्यालयात आहेत, कामाला फार कडक. वेदीमागचं मला माहीत आहे म्हणून म्हटलं. तेवढं साहेबांच्या कानावर घाला, त्या दिवशी पाहुणी मागेच राहिलेली बरी."

घालते म्हटलं.

संध्याकाळी हे घरी नव्हते. वकिलाकडे गेले होते, खजिनदारांबरोबर. तो वेगळाच चमत्कार.

७ ऑक्टोबर, शनिवार

उद्याची प्रार्थना लिहून काढली. कशी कोण जाणे, सरळ हातातून उतरली. बऱ्याच दिवसांत असं झालं नव्हतं.

ह्यांच्या शर्टाला नवं बटण आहे. मी लावलेलं नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

बाप्तिस्मा छान झाला. बाळ रडलं नाही. चर्च पाहुण्यांनी भरलं होतं, मागे खुर्च्या लावाव्या लागल्या. मग माझी प्रार्थना. रुग्णांसाठी केली, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी केली, राज्यकर्त्यांना सुबुद्धी मागितली. आणि मग म्हटलं:

"आणि प्रभू, याच वेदीच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या, सरहद्द ओलांडून आलेल्या, कागदांवाचून अडलेल्या आमच्या बहिणीची आठवण ठेव. तिला भय आहे ते दूर कर."

माझा आवाज खणखणीत लागला होता. ऑर्गनच्या मावशींचा हात पट्ट्यांवर पडला, एक बेसूर आवाज निघाला. चर्चमध्ये अगदी शांतता. त्या शांततेत मागच्या बाकावरून एकटीचाच मोठा आमेन ऐकू आला. पाहुणीचा. तिला 'बहीण' हा शब्द येतो.

मी प्रेमानेच म्हटलं होतं. देवापुढे माणसाचं नाव घेणं हे प्रेमच असतं. नाव तर मी घेतलंही नाही. बाळाच्या काकांचं माझ्या अगदी लक्षात नव्हतं.

हे जेवले नाहीत.

९ ऑक्टोबर, सोमवार

बाळाचे काका घरी आले होते. चपला दारात नीट लावून आत आले, पाणी घेतलं. मला वाटलं होतं तसा माणूस नाही, थकलेला आहे. म्हणाले, लोक माझ्यापुढे कुजबुजतात ते मी ऐकून सोडून देतो, सगळीकडे कान दिले तर जगणं मुश्कील होईल. पण हे भरल्या उपासनेत बोललं गेलं, माझा एक सहकारी शेजारी बसला होता. आता मी ऐकलं नाही असं म्हणता येत नाही.

ह्यांनी फक्त विचारलं, कधी? ते म्हणाले, ते मी सांगायचं नसतं.

त्यांनी आजच्या आज तिला हलवा असंच सुचवलं, मला तरी तसं वाटलं. ह्यांनाही वाटलं असणार. हे तडक वेदीमागच्या खोलीत गेले. पण पाहुणी हलेना, म्हणाली, आता कुठे? त्याच्यापासून किती लांब?

११ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी नेली. दोन पुरुष, एक बाई. आरडाओरडा नाही, हिसकाहिसकी नाही. पाहुणीने उशी काखेत घेतली. आज कळलं, ती तिच्या नवऱ्याची आहे. तिने खुणेने विचारलं, जाताना दफनभूमीवरून? गाडीतल्या बाईने मान हलवली, नाही. मी चर्चच्या पायऱ्यांवर उभी होते. तिने मला बघून हात केला. आपण बाजारात जाताना करतो तसा.

रात्री मीच म्हटलं, मी तिच्यासाठी प्रार्थना केली, त्यात काय पाप झालं? सगळे असे का वागताहेत?

हे म्हणाले, "देवाला खोली कुठे आहे ते सांगायची गरज होती का?"

१५ ऑक्टोबर, रविवार

मध्यस्थीची प्रार्थना आज खजिनदारांनी केली. ह्यांनी मला विचारलं नाही, मीही कारण विचारलं नाही. खजिनदारांना बोलता येत नाही. अडखळत चार वाक्यं म्हणाले, त्यातलं एक पाहुणीसाठी होतं, आणि त्यात कुठलाही पत्ता नव्हता.

नंतर पायऱ्यांवर ते माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता तरी कुणीतरी माझ्या बाजूचं. मी म्हटलं, काका, तुम्ही म्हणत होता तसंच झालं, लपवाछपवी संपली. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मी लपवू नका म्हणत होतो, बाई. सांगून टाका असं नव्हतो म्हणत." आणि उतरून गेले. ऑर्गनच्या मावशींनी आज कोपराने ढोसलं नाही.

बाळाच्या आईने माझ्याकडे एकदाच बघितलं. तिच्या बघण्यावरून कळलं, ह्यांना तिने काही सांगितलेलं नाही. का नाही सांगत? सांगून टाकलं असतं तर मला एवढं लिहीत बसावं लागलं नसतं.

मी ह्यांना तिचा निरोप दिला नाही. सवड नव्हती म्हणून नाही. बुधवारी रात्री, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी हे माझ्यासमोर ताटावर बसले होते.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

खजिनदारांच्या वकिलाने वाट काढली आहे. कबरीच्या कारणाने अर्ज करता येतो, मिळेलच असं नाही, पण निकाल लागेपर्यंत तिला आत्ता ठेवलंय त्या कोठडीबाहेर राहता येईल. मात्र एका घरमालकाने किंवा नोकरदाराने लिहून द्यायला हवं की ती माझ्या घरी राहील आणि तिच्याबद्दल मी जबाबदार. ह्यांचं लिहिणं चालणार नाही, ह्यांनी तिला लपवलं होतं. वडीलमंडळातल्या कुणाचंच चालणार नाही, त्यांनी ठराव करून लपवलं होतं.

बाळाचे काका वकिलाला म्हणाले, वडीलमंडळात असल्या तरी पाळकीणबाईंचं चालेल. नोकरी करतात, नाव स्वच्छ आहे. आणि कार्यालयाच्या दृष्टीने या प्रकरणात उघडपणे बोललेल्या त्या एकट्याच.

हे मला सांगताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चेष्टा नव्हती त्यात. असती तर बरं होतं.

म्हणजे ती माझ्या घरात. वेदीमागे नाही, माझ्या घरात, भिंतीपलीकडे. सकाळी तिचा चहा, दुपारी तिच्या नकला, संध्याकाळी ह्यांचं हसणं. माझ्या सहीने.

मी उद्या सांगते म्हटलं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

मी हो म्हणायच्या आधीच उत्तर आलं. हे तिला भेटून आले. ती म्हणते, पुरे. स्वखुशीने परत जाते असं तिने लिहून दिलंय, मंगळवारची गाडी आहे. तोवर ते मागे घेता येतं, पण ती घेत नाही. ह्यांनी खूप समजावलं. "म्हणाली, भाऊ, तिथे तो नाही, पण तिथे झोप लागेल," हे सांगताना ह्यांचा आवाज फुटला, आणि मला, देवा मला क्षमा कर, सगळ्यात आधी हलकं वाटलं.

मग हे म्हणाले, "तिने विचारलं, ताई का नाही आली? दात काढला तेव्हा ताई होती, म्हणाली."

मी विचारलं, तिला माहीत आहे का, कुणामुळे ते?

"नाही. तिला वाटतं मीटरवाल्याने सांगितलं."

"तुम्ही नाही सांगितलंत?"

"ते माझं सांगायचं नव्हतं."

आपल्या नवऱ्याने आपल्याला इतकं ओळखावं आणि तरी इतकं झाकावं, हे मी कुठल्या प्रार्थनेत मागितलं नव्हतं. आणि तेसुद्धा तिच्यापायीच मिळालं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

भेटीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. डॉक्टरांकडून सुट्टी घेतली. हे बरोबर येतो म्हणाले, मी नको म्हटलं. माझ्या शेजारी एक म्हातारा मांडीवर डबा घेऊन बसला आहे. आत डबा नेऊ देत नाहीत हे त्याला मघाशी सांगितलं, तरी त्याने डबा खाली ठेवलेला नाही.

मी सकाळपासून उलटसुलट विचार करते आहे. न सांगता तिला घरी नेता येणार नाही. ती रोज मला ताई म्हणेल आणि मी रोज ऐकून घेईन, ते मला जमायचं नाही. सांगितलं तर ती येणार नाही. कोण येईल? मीसुद्धा आले नसते. आणि ती नाही म्हणाली तर मी सुटेन, या आशेनेच मी इथवर आले आहे का, तेही मला खात्रीने सांगता येत नाही. कालपर्यंत मला वाटत होतं की जळणं संपलं की मग चांगलं वागता येतं. ते संपलेलं नाही. आत्ताही ती या दारातून येताना हसली तर मला ते खुपेल.

ह्यांनी एकदा उपदेशात म्हटलं होतं की येशूच्या गोष्टीतल्या त्या परक्या शोमरोन्याने रस्त्यावर पडलेल्याला उचललं तेव्हा त्याच्या मनात माया होतीच असं समजू नका, आधी त्याने उचललं. मला तेव्हा ते नुसतं बोलायचं म्हणून बोलल्यासारखं वाटलं होतं.

तिला येतात तेवढेच शब्द वापरायचे आहेत. म्हणून इथे एकदा लिहून बघते. आतून बोलावलं की जाईन, काचेपलीकडचा फोन तिने उचलला की हे म्हणेन. ती फोन खाली ठेवेल, मला माहीत आहे. तरी सगळं म्हणून होईपर्यंत ठेवू नये, एवढंच.

पाहुणी, मीटरवाला नाही. ताईने सांगितलं. मी. मला तुझा राग होता. भाऊ तुझ्याशी हसतात म्हणून. अजून आहे. कागद मागे घे. माझ्या घरी ये.